फोस्काच्या गाडीची हवापेटी

३ मार्च

फोस्का,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे केरात टाकणार असशील तर आधी एवढं वाच: घरी सगळे धडधाकट आहेत. सगळे म्हणजे मी एकटीच. तेव्हा घाबरू नकोस आणि पुढे वाच.

कार्निव्हल संपला. यंदा आमच्या रथावर दाढदुखीने विव्हळणारा कागदाचा राजा होता, गाल टम्म फुगलेला, बघणारे हसून हसून लोळले. काल आम्ही त्याचे तुकडे केले. रथांची शेड रिकामी झाली की माझे हात शिवशिवतात, तुला माहीत आहे. तेवढ्यात डेल्फो आला. तुझा मेकॅनिक अजून मिशांना काळं फासतो आणि अजून आत आल्या आल्या विचारतो, "कॉफी आहे की नुसतीच बसलीयस?"

कॉफी पिता पिता म्हणाला, "फोस्का आल्फा विकतेय."

माझ्या हातून कप पडायचा राहिला. जूनमध्ये कास्तेलरोवोच्या चढाईच्या शर्यतीला व्हेरोनाचा कुणी दातांचा डॉक्टर गाडी बघायला येणार आहे म्हणे. बघ की, राजाची दाढ आमच्याकडे दुखली आणि डॉक्टर तुझ्याकडे गेला! मी विचारलं, का विकतेय? तर म्हणे, "गाडीत दम नाही राहिला असं कळवलंय. तिसऱ्या वळणानंतर धापा टाकते."

आता आडपडदा न ठेवता सांगते. ती गाडी माझ्या डोळ्यांत नेहमीच खुपली. पण ती डेल्फोच्या गॅरेजात आहे म्हणून तू वर्षातून एकदा तरी इकडे फिरकतेस. हॉटेलात उतरतेस, घरावरून जाताना मान वळवत नाहीस, पण येतेस. मी पडद्याआडून बघते. गाडी गेली की तुला इकडे यायला निमित्तच उरणार नाही, आणि मला बहीण उरणार नाही. म्हणून ती गाडी विकली जाऊ नये असं मला वाटतं. झालं, सांगून टाकलं.

आईच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या जेवणात तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "तुझं काय, कागदाचं काम, फेब्रुवारीत उभं आणि मार्चमध्ये उकिरड्यावर." मी म्हणाले, "आणि तुझं काय, चार मिनिटं डोंगर चढायचा, मग तोच डोंगर उतरायचा." दोघींचंही खरंच होतं. त्यावर नऊ वर्षं अबोला धरायचा म्हणजे आपण दोघी आईच्याच मुली खऱ्या.

डेल्फोला विचारलं, दम का लागतो? तो म्हणाला, "तू तोंडावर गरम टॉवेल धरून डोंगर चढ, मग कळेल." रेडिएटरची तापलेली हवा इंजिनावर पसरते आणि कार्ब्युरेटरचे चारही कर्णे, म्हणजे हवा घ्यायची तोंडं, तीच ओढतात. कर्ण्यांवर बंद पेटी हवी, आणि तिला पुढून, दिव्याजवळून, बाहेरची गार हवा मिळायला हवी. मी म्हटलं, मग आण विकत. "मिळतात त्या दुसऱ्या गाड्यांच्या. हिच्या बॉनेटखाली जागा बघितलीस? मांजर बसेल, पण शेपूट बाहेर ठेवून. पेटी मापानेच घडवावी लागेल."

"घडवायची आहे ना? मग माझ्याकडे बघ की!"

"कागदाची? पेट्रोलशेजारी? नोर्मा, मला अजून जगायचंय."

"कागदाची कशाला, फायबरची करीन. राजाचा मुकुटही फायबरचाच होता, पावसात भिजला का?"

तो मिशांवरून हात फिरवत बसला. उद्या गाडी बघायला जातेय.

तुझी थोरली,
नोर्मा

२४ मार्च

फोस्का,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी रोज पत्रपेटीत डोकावते, ही माझी खोड.

पेटी झाली! सोबत फोटो आहे. आधी मातीत घडवली, मग प्लॅस्टरचा साचा काढला, आणि साच्यात आतून फायबर दाबलं, आपण मुखवट्याला कागद दाबतो तसंच. फायबरचे तुकडे मी कात्रीने कापले नाहीत, फाडले. डेल्फो म्हणाला, "कात्री घ्यायला काय झालं? सरळ तरी येईल." मी म्हटलं, "सरळ कडेची पायरी दिसते. फाडलेली कड शेजारच्या तुकड्यात विरघळते. हे तुला तुझ्या आईने शिकवायला हवं होतं." त्याची आई आमच्याच शेडमध्ये खळ शिजवायची, आणि ती हे बाळपणापासून जाणून होती.

रेझिनच्या वासाने डोकं उठलं, पण काम फक्कड झालंय. लाल रंग दिलाय, तीन हात. वर फुगीर, कडेला मऊ वळण, उन्हात धरली की चेरीसारखी चमकते. शेडमधल्या पोरी म्हणाल्या, हिला रथावरच लावू या. फोटो नीट बघ.

जेवतेस ना वेळेवर? तिकडच्या थंडीत नुसतं सूप पिऊन राहू नकोस.

नोर्मा

९ एप्रिल

फोस्का, माझे बाई,

तुझं कार्ड आलं! नऊ वर्षांनी बहीण लिहिते आणि काय लिहिते? "बाहेरून छान. आत हात घाल."

आधी मी संतापले. ना कशी आहेस, ना आभार. मग गेले शेडमध्ये आणि घातला हात. अगं, खवणी गं! तंतूंची टोकं, रेझिनच्या गाठी, दोन बोटं सोलून निघाली. डेल्फोला दाखवलं तर म्हणतो, "मला वाटलं तुला माहीत असेल. हवा आतून जाते ना बाई, बाहेरून लोक जातात."

इतकं हसले की खुर्चीवर बसावं लागलं. चाळीस वर्षं मुखवटे केले, एकदाही आत काय दिसतं याचा विचार केला नाही. लोक रस्त्यावरून बघतात, आतल्या बाजूला लाकडी सांगाडा आणि घामेजलेला एक माणूस. आमच्या गावात जन्मलेल्या कुणीही हीच चूक केली असती. तिथे बोल्झानोला बसून, नुसता फोटो बघून, तू ती पकडलीस. मला तुझा राग आला आणि अभिमानही वाटला.

आता उलटं काम. साचा नकोच. आत जेवढी हवा मावायला हवी, तेवढ्या हवेचा आकार मातीत घडवायचा, तो आरशासारखा करायचा, त्यावर बाहेरून फायबर चढवायचं आणि नंतर माती काढून टाकायची. म्हणजे घडवलेलं सगळं फेकून द्यायचं आणि जी जागा उरेल ती खरी. पहिल्यांदाच असलं काहीतरी करतेय, तेही या वयात.

एक विचारू? कार्डावरच्या ओळी अशा उताराला लागल्यासारख्या का? प्यायला बसलीस की काय एकटीच? मला बोलवायचंस.

तुझी खवणीवाली,
नोर्मा

२ मे

लाडके फोस्का,

अक्षर मोठं दिसतंय ना? जाड निबाचं नवीन पेन आणलंय. कागद जास्त लागतो, पण हात दुखत नाही.

डेल्फोने कर्ण्यांवर बसणारी ॲल्युमिनियमची पट्टी कापून दिली आणि मी गाडीतच माती थापली. अंगभर मफलर गुंडाळून बॉनेटखाली वाकलेली म्हातारी बघायला अर्धी गल्ली जमली. वर जागा किती हे कसं कळायचं? मातीवर मऊ गोळे ठेवले आणि बॉनेट हळूच मिटलं. उघडल्यावर जिथे गोळा चपटा, तिथे मातीला खाली यावं लागलं. डेल्फो म्हणाला, "पन्नास वर्षं फुटपट्टी घेऊन मारामारी करतोय आणि ही गोळ्यांनी माप घेते." मी म्हटलं, "जेवताना पोट किती भरलं हे फुटपट्टीने मोजतोस का?"

माती ओल्या स्पंजने घासली, मग तळहाताने, मग पॉलिश आणि मेण. त्यावर फायबर. वाळल्यावर खालच्या मोठ्या तोंडातून माती निघाली, मानेतली चमच्याने खरवडावी लागली. आत हात फिरवला आणि खरं सांगते, मला रडू आलं. तान्ह्या पोराच्या पाठीसारखं मऊ होतं.

मग तो फोन. डेल्फोने तुला फोन लावला तेव्हा मी तिथे आहे हे त्याने तुला सांगितलं नव्हतं, आणि तू उचलशील हे त्याने मला सांगितलं नव्हतं. लबाड कुठला! त्याने फोन माझ्या हातात कोंबला आणि गाडी सुरू केली. मी फोन पेटीजवळ धरला. त्याने पायाने ॲक्सिलरेटर दाबला. आवाज बदललाय फोस्का, आधी फुरफुरायची, आता खोल घसा काढून गाते. मी फोन कानाला लावला तर तू म्हणालीस, "चौथ्याला हवा कमी पडतेय."

एवढंच बोललीस आणि फोन ठेवलास. नऊ वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि ते चौथ्याबद्दल! डेल्फोने प्लग काढून बघितले. चौथा काळा होता, बाकी तीन बदामी. माझ्या पेटीची मागची भिंत चौथ्या कर्ण्याच्या तोंडाला चिकटली होती, श्वास घ्यायला जागाच नव्हती त्या गरिबाला.

पुन्हा माती. तू काही बोलत जा गं. शिव्या दिल्यास तरी चालतील.

नोर्मा

२९ मे

फोस्का,

तिसरी पेटी झाली. चौथ्यासमोर माती वाढवली, गाल फुगवला, म्हणजे पुन्हा राजाची दाढच म्हण ना. डेल्फो म्हणाला, चल, चढ आत, कास्तेलरोवोच्या रस्त्याने एक फेरी मारू.

मी त्या गाडीत कधी बसले नव्हते. तू कितीदा बोलावलंस आणि मी दर वेळी गुडघा दुखतोय असं सांगितलं. खरं म्हणजे घाबरायचे. परवा बसले. पहिल्या वळणाला सगळ्या संतांची नावं घेतली, दुसऱ्याला डेल्फोच्या आईला दोन शब्द सुनावले. तिसऱ्यानंतर, जिथे ती धापा टाकायची म्हणतेस, तिथे डेल्फोने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला आणि गाडी अशी उसळली की माझा स्कार्फ मागच्या सीटवर गेला. वर पोचलो तर डेल्फोच्या मिशांचं काळं घामाने गळ्यापर्यंत उतरलेलं. "फोस्काने हे बघायला हवं होतं," म्हणाला आणि एकदम तोंड फिरवलं.

गाडीत दम आहे. तेव्हा विकायचं कारण उरलं नाही. जूनमध्ये ये, चालव, त्या दातवाल्याला धूळ चार आणि पुढच्या वर्षी पुन्हा ये. तुझ्या खोलीत चादर बदललीय. हॉटेलात उतरायचं असेल तर उतर, मी काही म्हणणार नाही. म्हणेन, पण मनात.

तुझी,
नोर्मा

१८ जून

फोस्का,

रविवारी तू होतीस आणि मीही होते, तरी लिहिते. तू गाडीकडे बघत होतीस आणि मी तुझ्याकडे, तेव्हा मी काय बघितलं ते तुला माहीत नाही.

तू आलीस, काळा चष्मा लावून. गाल पुढे केलास, मी मुका घेतला. "जाड झालीस," म्हणालीस. मी म्हटलं, "तू वाळलीस, हिशोब बरोबर." डेल्फोने बॉनेट उघडलं. माझी लाल पेटी, तीन हात रंगाची, उन्हात लखलखत होती, आणि तू तिच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. पेटी काढायला लावलीस आणि आत हात घातलास. किती वेळ हात फिरवत होतीस! चौथ्याच्या गालाशी थांबलीस.

"हे काय?"

"काय?"

"अंगठा आहे इथे. तुझा."

मला दिसला नव्हता गं. माती वाढवताना दाबला असणार आणि तो आत उमटून राहिला. तो दंतवैद्य, माणूस सभ्य आहे, लगेच म्हणाला, "काही हरकत नाही, मी घासून घेईन." त्यावर तू जे गरजलीस ते पार्किंगमधल्या सगळ्यांनी ऐकलं: "हात लावाल तर बघा! गाडी नेताय ती अंगठ्यासकट न्यायची." बिचाऱ्याने दोन्ही हात वर केले.

तेव्हा मला कळलं की विक्री ठरलीच होती. तूच त्याला चावी दिलीस, आणि आपण दोघी तिसऱ्या वळणावर कठड्याला टेकून उभ्या राहिलो. गाडी खालून यायला लागली. सगळे माना उंचावून बघत होते, तू मान खाली घालून ऐकत होतीस. "दुसरा गिअर... तिसरा टाकला. लवकर टाकला मूर्खाने. आता सोड... हां." आणि ती आपल्यासमोरून गेली, काय आवाज तो, माझ्या छातीत घुमला. तू डाव्या बाजूला बघून हसलीस. फोस्का, गाडी उजवीकडून गेली होती.

आता ऐक. मला एप्रिलपासून माहीत आहे. तुझं ते तिरक्या ओळींचं कार्ड मी डेल्फोला दाखवलं, प्यायलीय बघ म्हणून हसले, आणि तो हसला नाही. त्याने शपथ मोडली, त्याला बोलू नकोस. जानेवारीत डॉक्टरने तुला शर्यतीला नापास केलं, नजरेतलं मधलं सगळं धूसर झालंय, फक्त कडा उरल्यात, आणि त्याही जातायत. दम गाडीचा गेला नव्हता. जाड निबाचं पेन वगैरे काही नाही, हे मी बोरूने लिहिते, ज्याने रथांवरच्या पाट्या रंगवतो त्याने. तुला भिंगाशिवाय वाचता यावं म्हणून.

कळल्यावरही मी पेटी करत राहिले, 'ये, चालव' असंही लिहीत राहिले. का, ते मलाही नीट सांगता यायचं नाही. तू स्वतःहून सांगेपर्यंत मला दुसरं काही करता येत नव्हतं. आणि वाटत होतं, निदान ती चांगल्या आवाजात जाईल, तुला ऐकू येईल.

स्टेशनवर तू पायरीवर अडखळलीस आणि बुटाला शिव्या घातल्यास. मीही बुटाला शिव्या घातल्या. तुझी आगगाडी सुटल्यावर बाकावर बसून हुंदके देऊन रडले. डेल्फो शेजारी बसून होता, तोही काही फार उपयोगाचा नव्हता.

आल्फा गेली, बरं झालं. मला ती कधीच नको होती, मला तू हवी होतीस, आणि मूर्खासारखी मी गाडीलाच धरून बसले. आता निमित्त संपलंय. चौथ्या मजल्यावर, त्या परक्या गावात, गॅस चाचपत चहा करणारी माझी बहीण मला डोळ्यांसमोरून हलत नाही. ये. पाहुणी म्हणून नको, राहायलाच ये. भांडू, अबोला धरू, पण एकाच स्वयंपाकघरात धरू. दया म्हणून बोलावत नाही, दया मला येत नाही, आईच म्हणायची. मला एकटीला कंटाळा आलाय, आणि तुझ्यावर माझा जीव आहे. लिहून मोकळी झाले.

नोर्मा

बोल्झानो, २६ जून

नोर्मा,

शेजारणीकडून लिहून घेतेय, म्हणून ओळी सरळ आहेत.

रविवारी सव्वाचारची गाडी. सामानाच्या दोन पेट्या आहेत, तिसरी आल्फाबरोबर गेली. डेल्फोला आणू नकोस, रडेल.

स्टेशनवरच्या पायऱ्या मला दिसत नाहीत. बुटाचा काही दोष नव्हता. डब्यापाशी ये आणि हात धर.

फोस्का